वाळवंटाखालचे पाणी : कमाई की अमानत?

गेल्या रमजानमध्ये आमच्या खानदानाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक व्हिडिओ आला. विमानातून काढलेली सौदी अरबस्तानातली दृश्ये होती. पिवळ्या वाळूत हिरव्यागार, कंपासने काढावीत तशी गोल शेते, एकाशेजारी एक. मागे नात चालू होती. खाली लिहिले होते की अरबस्तानची जमीन पुन्हा कुरणांची आणि नद्यांची होईल असे हदीसमध्ये आले आहे, ते आता खरे होत आहे, दहा जणांना पाठवा. तासाभरात बावीस ‘सुब्हानअल्लाह’ जमा झाले.

चार दिवसांनी त्याच ग्रुपवर दुसरा संदेश आला. वाळवंटातल्या खोल विहिरींच्या पाण्यात किरणोत्सार सापडला आहे, ते पाणी म्हणजे जहर आहे, आखातात राहणाऱ्या आपल्या लोकांना सावध करा. ज्यांनी सुब्हानअल्लाह लिहिले होते त्यांनीच आता ‘अस्तगफिरुल्लाह’ लिहिले. दोन्ही संदेश एकाच प्रकारच्या पाण्याविषयी आहेत, हे कोणाच्याही ध्यानात आले नाही. आधी माझ्याही आले नाही.

मी भाषेची शिक्षिका. सकाळी उर्दू, दुपारी मराठी. विज्ञान माझा विषय नाही. पण या पाण्याशी माझे नाते आहे, आणि ते सांगितल्याशिवाय पुढचे लिहिणे प्रामाणिक होणार नाही.

माझे मामू १९८७ साली सौदीला गेले. बुरैदाजवळ गव्हाच्या एका मोठ्या फार्मवर पंप मेकॅनिक होते. २००३ साली परत आले. अब्बांच्या पगारात आम्हा पाच जणांचे कसेबसे भागायचे. माझी बी.एड.ची फी मामूंनी पाठवलेल्या पैशातून भरली गेली. म्हणजे आज मी वर्गात फळ्यासमोर उभी असते त्यात त्या गव्हाचा वाटा आहे, आणि तो गहू ज्या पाण्यावर पिकला त्या पाण्याचाही.

व्हिडिओ आला तेव्हा मी मामूंना विचारले, “मामू, तिथं पाऊस तर पडत नाही. मग एवढं पाणी कुठून यायचं?”

“जमिनीतून.”

“जमिनीत कुठून यायचं?”

मामू थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “अल्लाह जाने बेटी. हमारा काम पंप चालू रखने का था.” पुढे आठवून आठवून सांगत राहिले. पाणी इतके गरम यायचे की थंडीत लोक त्यावर आंघोळ करायचे. काही वर्षांनी पाणी खाली जायचे, मग पाइप जोडून पंप आणखी खाली सोडावा लागायचा. “हर दो-तीन साल में पाइप बढ़ाओ,” ते म्हणाले.

पाइप का वाढवावे लागत होते, या प्रश्नाच्या मागे मी लागले. आमच्या शाळेतल्या विज्ञानाच्या सरांना त्रास दिला, वाचन केले. जे समजले ते इथे मांडते.

सौदी अरबस्तानच्या उत्तर आणि मध्य भागात, बुरैदा ज्या कसीम प्रांतात आहे तिथेही, जमिनीखाली वालुकाश्माचा, म्हणजे वाळूच्या दगडाचा जाड थर आहे. त्याला तिथे ‘साक’ म्हणतात. हाच थर सीमा ओलांडून जॉर्डनमध्ये जातो, तिथे तो ‘दीसी’ नावाने ओळखला जातो. या दगडाच्या कणाकणांमधल्या जागेत पाणी भरलेले आहे. शेकडो मीटर खोल असल्यामुळे ते गरम असते, कारण जमिनीत एक किलोमीटर खाली गेले की उष्णता साधारण २५ ते ३० अंशांनी वाढते. अशा पाणीधारक थराला मराठीत जलधर म्हणतात. इजिप्त, लिबिया, सुदान आणि चाड या चार देशांखाली असाच एक प्रचंड जलधर आहे. त्याचा पसारा सुमारे २० लाख चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या सहापटीहून जास्त.

हे पाणी आजच्या पावसाचे नाही. अरबस्तान आणि सहारा नेहमीच वाळवंट नव्हते. हजारो वर्षांपूर्वी आणि त्याच्याही आधी अनेकदा तिथे चांगला पाऊस पडण्याचे काळ येऊन गेले. आज जिथे नफूदची वाळू आहे तिथे तळी होती, त्यांचे गाळ आजही सापडतात. त्या पावसाचे पाणी दगडात मुरले आणि राहिले. मग पाऊस थांबला. भर थांबली, साठा राहिला. म्हणून या पाण्याला ‘जीवाश्म पाणी’ असेही म्हणतात.

पण पाण्याचे वय कळते कसे? इथेच किरणोत्सार येतो. उर्दूत याला ‘ताबकारी’ म्हणतात. ताब म्हणजे तेज, चमक. मराठी शब्द ऐकला की मुलांना बॉम्ब आठवतो, उर्दू शब्द ऐकला की चांदण्या. खरी गोष्ट दोन्हीच्या मधली आहे. काही अणू अस्थिर असतात. ते आपोआप फुटतात, दुसऱ्या अणूत बदलतात आणि बदलताना किरण सोडतात. कोणता अणू कधी फुटेल ते सांगता येत नाही, पण अशा अणूंचा ढीग निम्मा व्हायला किती काळ लागेल हे पक्के असते. त्या काळाला अर्धायुष्य म्हणतात. ना उन्हाने ते बदलते, ना दाबाने. म्हणून ते घड्याळासारखे वापरता येते.

अवकाशातून येणाऱ्या वैश्विक किरणांमुळे हवेत कार्बन-१४ सतत तयार होत असतो. पाऊस मातीत मुरताना तो बरोबर घेऊन जातो. पाणी एकदा खोल गेले की नवा कार्बन मिळणे बंद होते आणि जुना घटत जातो, ५,७३० वर्षांत निम्मा. पाण्यात तो किती उरला आहे हे मोजले की पाणी वरच्या जगापासून केव्हा तुटले ते कळते. चुनखडीतला जुना कार्बन त्यात मिसळला असेल तर पाणी आहे त्याहून म्हातारे दिसते, म्हणून हिशेबात दुरुस्ती करावी लागते. कार्बनने तारखा काढण्याच्या या पद्धतीसाठी विलार्ड लिबी यांना १९६० चे नोबेल मिळाले. आणि १९६१ सालीच ‘सायन्स’ या नियतकालिकात वाळवंटातल्या भूजलाचे वय काढण्याविषयी एक लेख छापून आला, त्यातले नमुने अरबस्तानातले होते. म्हणजे मामू तिथे पोहोचले त्याच्या पाव शतक आधीच, हे पाणी फार जुने आहे हे जगाला माहीत झाले होते.

कार्बनचे घड्याळ तीस-चाळीस हजार वर्षांपलीकडे चालत नाही. त्यापुढे क्रिप्टॉन-८१ कामाला येतो. हा वायू कशाशीही संयोग करत नाही, दगडाशीही नाही, म्हणून साक्षीदार म्हणून तो चांगला. त्याचे अर्धायुष्य सुमारे २ लाख २९ हजार वर्षे. अडचण एवढीच की आजच्या एक लिटर पाण्यात त्याचे हजारभरच अणू असतात. लेझरच्या साहाय्याने असे अणू एकेक पकडून मोजण्याची पद्धत अमेरिकेतल्या आरगॉन प्रयोगशाळेत विकसित झाली. ती वापरून इजिप्तच्या पश्चिम वाळवंटातल्या विहिरींचे पाणी तपासले, त्याचे निष्कर्ष २००४ मध्ये आले. वय निघाले सुमारे २ लाख ते १० लाख वर्षे. पृथ्वीवर आपल्यासारखा माणूस येण्याआधी पडलेला पाऊस आजही तिथल्या पंपातून बाहेर येतो आहे.

आता दुसऱ्या संदेशाकडे, म्हणजे जहराकडे. तोही निव्वळ अफवा नव्हता. जगातल्या सगळ्याच खडकांत युरेनियम आणि थोरियम थोडे थोडे असतात. ते फुटत फुटत रेडियम तयार होते आणि पाण्यात उतरते. खडकात चिकणमाती असेल तर रेडियम तिला चिकटून बसते. वालुकाश्मात चिकणमाती कमी, म्हणून ते पाण्यातच राहते. २००९ साली ड्यूक विद्यापीठाच्या ॲवनेर वेंगोश आणि सहकाऱ्यांनी जॉर्डनच्या दीसी भागातल्या ३७ विहिरींचे पाणी तपासून निष्कर्ष प्रसिद्ध केले. पाणी गोड, स्वच्छ. पण काही विहिरींत रेडियम पिण्याच्या पाण्याच्या आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या वीस पटींपर्यंत गेलेले.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा, माझाही झाला होता. पाणी जुने आहे म्हणून त्यात रेडियम आहे, असे नाही. रेडियम-२२८ चे अर्धायुष्य पावणेसहा वर्षांच्या आसपास, म्हणजे ते झपाट्याने संपते. तरी पाण्यात ते सापडते, कारण खडक त्याची भर घालतच राहतो. वय सांगणारे अणू पावसाबरोबर वरून आलेले असतात, काळजी करायला लावणारे अणू खडकातून आलेले. घटना एकच, ताबकारी. एक घड्याळ झाली, दुसरी इशारा.

या इशाऱ्याला उत्तर आहे. रेडियम शरीरात कॅल्शियमसारखे वागते आणि हाडांत जाऊन बसते, म्हणून वर्षानुवर्षे तेच पाणी पिणे चांगले नाही. पाणी उकळून रेडियम जात नाही. पण आयन विनिमयाने, चुन्याच्या प्रक्रियेने किंवा रिव्हर्स ऑस्मोसिसने ते बरेचसे काढता येते, किंवा दुसऱ्या चांगल्या पाण्यात मिसळून प्रमाण खाली आणता येते. जागतिक आरोग्य संघटनेने पिण्याच्या पाण्यातून येणाऱ्या किरणोत्साराचा निकष वर्षाला ०.१ मिलिसिव्हर्ट ठेवला आहे. माती, हवा, अन्न आणि आकाश यांतून माणसाला वर्षाला सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट मिळतोच. म्हणजे निकष कडक आहे, आणि तो ओलांडला म्हणजे उद्या मरण असा त्याचा अर्थ नाही. अर्थ एवढाच की तपासा, उपाय करा. जॉर्डनने दीसीचे पाणी सोडून दिले नाही. २०१३ पासून सुमारे ३२५ किलोमीटरच्या वाहिनीतून ते अम्मानला येते, वर्षाला १० कोटी घनमीटर, आणि इतर पाण्यात मिसळण्याचा मार्ग घेतला गेला.

म्हणजे ‘जहर’ म्हणणारे चुकले. पण माझी मुख्य तक्रार ‘सुब्हानअल्लाह’ लिहिणाऱ्यांबद्दल आहे, म्हणजे स्वतःबद्दलही.

त्या हिरव्या वर्तुळांचा हिशेब पाहा. १९७३ नंतर तेलाचे राजकारण पेटले. आपण तेल रोखले तर समोरचे धान्य रोखतील, ही धास्ती सौदी सरकारला वाटली. म्हणून शेतकऱ्याला जगातल्या भावाच्या कितीतरी पट भाव देऊन गहू पिकवायला लावले. १९९२ च्या सुमारास उत्पादन ४० लाख टनांवर गेले आणि वाळवंटातला देश गहू निर्यात करू लागला. एक टन गव्हाला कमीत कमी हजार घनमीटर पाणी धरले, वाळवंटात त्याहून जास्तच लागते, तरी त्या एका वर्षाचे ४०० कोटी घनमीटर होतात. आपले जायकवाडी धरण पूर्ण भरले तर त्याचा उपयुक्त साठा सुमारे २१७ कोटी घनमीटर. म्हणजे जवळपास दोन जायकवाडी एका वर्षात, फक्त गव्हासाठी. जायकवाडी चांगल्या पावसाळ्यात पुन्हा भरते. साकचा जलधर या गतीने भरत नाही. पाऊस जेमतेम, आणि उपसा त्याच्या कितीतरी पट. मामूंचे पाइप यासाठी वाढत होते.

अखेर २००८ मध्ये सरकारने गव्हाची खरेदी दरवर्षी कमी करत नेण्याचे ठरवले आणि २०१६ पर्यंत ती थांबवली. नंतर मर्यादित प्रमाणात परवानगी पुन्हा दिली, पण ते दिवस परत आले नाहीत. म्हणजे ज्या वर्तुळांवर आपण हदीस चिकटवतो आहोत त्यांचा खर्च झेपत नाही हे खुद्द सौदी राज्यकर्त्यांनी मान्य केले, आणि इथे आपण अजून दुआ देतो आहोत. हदीसवर माझा विश्वास आहे. पण पंपाने उपसलेले पाणी म्हणजे नदी नव्हे. ठेव मोडून घरात लग्न थाटात केले तर त्याला बरकत म्हणत नाहीत.

दीनची शिकवण इथे अगदी सरळ आहे, असे मला वाटते. सूरह मुमिनूनमध्ये अल्लाह सांगतो की पाणी आकाशातून मापाने उतरवले, जमिनीत ठेवले, आणि ते परत नेण्याचीही ताकद त्याच्याकडे आहे. मी यातून विज्ञानाचे चमत्कार काढणार नाही. ती सवय आपल्याला महागात पडली आहे, कारण मग आपण अभ्यास करत नाही, नुसती टाळी वाजवतो. पण ‘मापाने’ हा शब्द मला अडवतो. जे मापाने दिले ते मापाने घ्यायला नको का? वाहत्या नदीकाठी वुजू करतानाही पाणी वाया घालवू नये, अशी आपली शिकवण. आपण मशिदीच्या नळावर मुलांना ती ऐकवतो. लाख वर्षांच्या पाण्यावर जनावरांचा चारा पिकवण्याला मात्र कोणी इस्राफ म्हणत नाही. चूक नळावर झाली तर गुनाह, आणि सरकारी योजनेत झाली तर तरक्की?

यावर काही जण विचारतील, मग वाळवंटातल्या लोकांनी काय करायचे, तहानेने मरायचे? नाही. मी पिण्याच्या आणि पिकाच्या पाण्यात फरक करते. जॉर्डन जगातल्या सर्वात कमी पाण्याच्या देशांपैकी एक. तिथल्या माणसाच्या घशाला दीसीचे पाणी मिळणे हा त्याचा हक्क आहे. लिबियाने १९८४ पासून सहाराखालचे पाणी चार मीटर व्यासाच्या पाइपांतून किनाऱ्यावरच्या शहरांपर्यंत आणले. त्यातून बेनगाझी आणि त्रिपोलीची घरे पाणी पितात, त्यालाही मी इस्राफ म्हणणार नाही. पण निर्यातीचा गहू आणि डेअरीचा चारा ही तहान नव्हे. तो व्यापार आहे, आणि व्यापारात भांडवल खाल्ले तर दिवाळे निघते, हे बाजारात बसणाऱ्या आपल्या लोकांना मी सांगायला नको.

आणखी एक गोष्ट. पाणी, चारा आणि आग यांत सगळे भागीदार आहेत, असे हदीसमध्ये येते. भागीदार म्हणजे फक्त शेजारी का? मला वाटते, पुढच्या पिढ्याही. दीसीचा थर जॉर्डन आणि सौदी दोघांखाली आहे. त्याविषयी दोन्ही देशांनी २०१५ मध्ये करार केला, सीमेलगत काही पट्ट्यात उपसा होऊ नये असे ठरवले. नुबियन जलधराच्या चारही देशांनी २०१३ मध्ये आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या मदतीने एकत्र कार्यक्रमावर सह्या केल्या. पाण्याचा करार अणुऊर्जा संस्थेच्या मदतीने का, असे मला आधी वाटले होते. आता वाटत नाही. वय मोजणारे घड्याळ त्यांच्याकडेच आहे.

मोजणे म्हणजे ईमान कमी पडणे, असे समजणाऱ्यांनी झमझमकडे पाहावे. झमझमची विहीर सुमारे ३० मीटर खोल आहे आणि मक्केच्या इब्राहिम खोऱ्यात पडणाऱ्या पावसाचे पाणी तिला मिळते. म्हणजे साकसारखा तो बंद साठा नाही. तरीही सौदी भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेत झमझमच्या अभ्यासासाठी स्वतंत्र केंद्र आहे. पाण्याची पातळी मोजली जाते, उपशावर लक्ष असते. आपल्यासाठी सर्वात पवित्र असलेल्या पाण्याची नोंद ठेवण्यात बेअदबी नाही, तर मग बाकीच्या पाण्याची नोंद ठेवण्यात कसली?

हे सगळे मी मामूंना सांगितले तेव्हा त्यांचा चेहरा उतरला. म्हणाले, “म्हणजे आम्ही खाल्लं ते हराम होतं का गं?”

मी म्हटले, “नाही मामू. तुमची मेहनत हलालच होती. पंप किती चालवायचा हे तुम्ही ठरवलं नव्हतं.” त्यांना बरे वाटले असावे. पण मी स्वतःला तेवढ्यावर सोडू शकत नाही. मामूंना माहीत नव्हते. मला आता माहीत आहे, आणि त्याच पाण्यावर शिकल्यामुळे माहीत आहे. माहीत झाल्यावरची जबाबदारी वेगळी असते.

आपल्या मराठवाड्यात काळा पाषाण आहे. त्यात वाळूच्या दगडासारखी साठवण नाही. भेगांत जे पाणी आहे ते पावसावर भरते आणि उन्हाळ्यात आटते. २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले ते आपण पाहिले आहे. तरीही शेजाऱ्याची बोअर आटली की आपण त्याच्याहून शंभर फूट खाली जातो. मामूंनी परत आल्यावर घरामागे बोअर घेतली, तिचेही पाइप दोनदा वाढले. सवय तिथली आणि इथली एकच आहे. फरक एवढा की आपल्याला दर पावसाळ्यात सुधारायची संधी मिळते, त्यांना मिळत नाही.

शेवटी मी ग्रुपवर चार ओळी लिहिल्या. ती वर्तुळे जुन्या पावसाच्या साठ्यावर आहेत, तो साठा पुन्हा भरत नाही, आणि किरणोत्सार असेल तिथे घाबरण्याऐवजी पाणी तपासून घ्यावे. बावीस सुब्हानअल्लाहच्या जागी तीन अंगठे आले. पण रात्री दम्मामहून खालाच्या मुलाचा मेसेज आला, “आपा, आमच्या बिल्डिंगचं पाणी समुद्राचं असतं की जमिनीतलं? कुठं विचारू?”

मी लिहिले, बिल्डिंगच्या हारिसला विचार, त्याला माहीत नसेल तर पाणी खात्याला विचार. उत्तर आले की मलाही कळव.